नाही आवडलं म्हणालीस, बरं झालं

अगं, तुझा मेसेज रात्री साडेअकराला बघितला आणि हसूच आलं. "काका, माल्टीज फाल्कन संपवलं, अजिबात नाही आवडलं, पण सगळे ग्रेट म्हणतात, शनिवारी वाचनकट्ट्यावर मी काय बोलू?" उत्तर लांबलचक होणार म्हणून पत्रच लिहितोय. फोनवरच टाइप करतोय, चुका सांभाळून घे.

नाही आवडलं तर नाही आवडलं, त्यात लाजायचं काय. मलाही तेविसाव्या वर्षी डॅशियल हॅमेटची ही डिटेक्टिव्ह कादंबरी नव्हतीच आवडली. तोवर माझं वाचन म्हणजे बाबूराव अर्नाळकर, त्यांचा झुंजार आणि काळा पहाड, आणि मग होम्स, म्हणजे डिटेक्टिव्हने शेवटी सगळ्यांना समोर बसवून गुंता सोडवून दाखवायचा ही आपली अपेक्षा. आणि इथे हा डिटेक्टिव्ह सॅम स्पेड. पार्टनरचा खून झालाय तर रडणं नाही की चिडणं नाही, वर त्याच पार्टनरच्या बायकोशी याचं लफडं, आणि दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीला सांगतो की दारावरचं पार्टनरचं, म्हणजे आर्चरचं, नाव काढून टाक, नुसतं माझं ठेव. मी पुस्तक अर्ध्यात मिटलं. परत हातात घेतलं ते थेट चाळिशी उलटल्यावर.

मधल्या वर्षांत आणि नंतरही या पुस्तकाबद्दल इतक्या जणांकडून इतकी मतं ऐकलीत की आता कोण काय बोलणार ते मला आधीच कळतं. सिनेमा आधी बघितलेला माणूस हमखास म्हणणार की स्पेड म्हणजे त्यातला नट हम्फ्री बोगार्टच. १९४१ चा सिनेमा आहे छान, पण हॅमेटचा स्पेड चांगला सहा फुटी, फिकट तपकिरी केसांचा, पहिल्याच पानावर त्याला सैतानासारखा म्हटलंय. असो, ते सोडून दे. तुझ्या कामाचं मत दुसरंच आहे, जे तूही लिहिलंस: "थंड पुस्तक आहे, स्पेडच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही."

बरोबर पकडलंस. फक्त ते तू तक्रार म्हणून लिहिलंस आणि गाडी तिथेच थांबवलीस. आता दुसरं प्रकरण उघड. रात्रीचे दोन वाजून गेलेत, अंधारात फोन वाजतो, आपल्याला फक्त स्पेडची बाजू ऐकू येते, हॅलो, हो, मेला?, असं तुटक तुटक. दिवा लागतो. हिरव्या-पांढऱ्या चौकटींच्या पायजम्यात तो पलंगावर बसलाय, टेबलावर गुन्हेगारीच्या खटल्यांचं एक जाडजूड पुस्तक, त्याच्या कोपऱ्यावर पत्र्याचं स्वस्तातलं गजराचं घड्याळ कसंबसं टेकवलेलं. आणि मग हॅमेट एक अख्खा परिच्छेद काय सांगतो? तर हा माणूस सिगरेट कशी वळतो. कागदावर तंबाखू सारखी पसरली, मधे जरा खळगा ठेवला, अंगठ्यांनी कागदाची कड आत वळवली, जिभेने चिकटवली. पार्टनर मेल्याची बातमी येऊन मिनिट झालं नसेल आणि आपण त्याची जाडजूड बोटं बघत बसलोय. दुःख झालं का राग आला का सुटलो एकदाचा असं वाटलं, काही म्हणजे काही सांगत नाही. पुस्तकभर हेच, एकदाही कोणाच्या डोक्यात शिरत नाही, जे डोळ्याला दिसतं आणि कानाला ऐकू येतं तेवढंच. हे त्याला जमलं नाही म्हणून नाही बरं का, मुद्दाम केलंय. हॅमेट १९१५ साली पिंकर्टन या खाजगी डिटेक्टिव्ह कंपनीत लागलेला, काही वर्षं स्वतः डिटेक्टिव्हगिरी केलेला माणूस. पाळतीवर उभ्या असलेल्या माणसाला समोरच्याचं मन दिसत नाही गं, हात दिसतात, पावलं दिसतात. तसं त्याने आपल्याला उभं केलंय स्पेडच्या मागावर.

म्हणून सांगतो, कट्ट्यावर "थंड आहे" एवढंच म्हणून खाली बसू नकोस. ते सिगरेटचं पान वाचून दाखव आणि मग म्हण की मला इथे बाहेर ठेवल्यासारखं वाटलं. मग कोणी मान डोलवेल, कोणी भांडेल, पण बोलणं होईल. पानावर बोट ठेवता आलं नाही तर ते मत नाही, मूड आहे, आणि मूडवर कोण काय बोलणार.

आता फ्लिटक्राफ्टची गोष्ट. तू लिहिलंस "मधेच ती विनाकारण गोष्ट घुसडली". टॅकोमातला जमीनजुमल्याचा धंदा करणारा सरळमार्गी माणूस, १९२२ साली जेवायला म्हणून ऑफिसमधून निघतो, बांधकामावरची तुळई वरून येऊन शेजारी आदळते, थोडक्यात वाचतो आणि तसाच बायकोपोरांना सोडून निघून जातो. पाच वर्षांनी स्पोकेनमध्ये सापडतो तर दुसऱ्या नावाने, दुसरी बायको, परत मूल, परत तसाच संसार. स्पेड म्हणतो, मला यातला हाच भाग आवडला, तुळया पडतात म्हणून तो बदलला, मग पडायच्या थांबल्या तसा परत होता तसा झाला. सिनेमात हे गाळलंय. पण तू एक बघितलंस का, ही गोष्ट स्पेड कोणाला सांगतो? ब्रिजिडला, त्याच्याकडे काम घेऊन आलेल्या बाईला. आणि ती काय करते, किती इंटरेस्टिंग म्हणते आणि लगेच स्वतःच्या विषयावर येते. म्हणजे पुस्तकातच एक वाचक बसलाय बघ! त्याने तिला स्वतःबद्दल सगळं सांगून टाकलं, की वेळ आली की मी परत माझ्या जागेवर जाणार, आणि तिने ऐकलंच नाही. आपण बहुतेक सगळे ब्रिजिडसारखेच वाचतो, मी धरून.

आणि एक गोष्ट जरा जपून. बायकांचं चित्रण तुला खटकलं, बरोबरच खटकलं. हजार डॉलरची एक नोट कमी भरते म्हणून स्पेड ब्रिजिडला बाथरूममध्ये नेऊन कपडे उतरवून झडती घेतो, ते पान मला अजूनही नीट वाचवत नाही. समलिंगी जोएल कैरोबद्दल जे टोमणे आहेत तेही तसेच. शनिवारी कोणीतरी नक्की म्हणेल की १९३० चं पुस्तक आहे, तेव्हा असंच चालायचं. तेवढ्यावर गप्प बसू नकोस. तेव्हाचं आहे हे खरं, आणि आज वाचताना टोचतं हेही खरं, आणि स्पेड हा आदर्श पुरुष म्हणून आपल्यापुढे ठेवलाय का, हा प्रश्न तर उरतोच. हॅमेटने स्वतः १९३४ साली नवीन आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय की स्पेडला मूळ माणूस कोणी नाही, माझ्याबरोबर काम केलेल्या डिटेक्टिव्हांना आपण असं असावं असं वाटायचं तसा तो आहे. म्हणजे स्वप्न आहे ते. कोणाचं आणि कसलं, ते बघ.

जाता जाता, सॅन फ्रान्सिस्कोत स्टॉकटन बोगद्याच्या वर, आर्चर मेला त्या गल्लीत एक पाटी आहे, माझ्या पुतणीने फोटो पाठवला होता. साधारण याच जागी माइल्स आर्चरला ब्रिजिडने उडवलं असं चक्क लिहिलंय त्यावर. शहराने भर रस्त्यात सस्पेन्स फोडून ठेवलाय, आणि तरी लोक पुस्तक वाचतातच. खून कोणी केला यासाठी हे पुस्तक कोणी परत उघडत नाही, मी तर नाहीच.

मी उघडतो ते शेवटासाठी. तुला तो कोरडा वाटला. ब्रिजिडला पोलिसांकडे का देणार याची कारणं स्पेड वाण्याच्या यादीसारखी मोजतो, एक, दोन, करत सातपर्यंत जातो. मग "आठवं" म्हणतो आणि तिथेच थांबतो, पुरे झालं म्हणतो. आणि दुसऱ्या पारड्यात काय, तर कदाचित तुझं माझ्यावर प्रेम असेल, कदाचित माझं तुझ्यावर असेल. तेविसाव्या वर्षी मला वाटलं हा हिशेबी माणूस आहे. चाळिशीत वाटलं, ज्याला खरंच काही वाटत नाही तो सात कारणं कशाला मोजेल गं?

आणि त्याच्याही नंतर एफी आहे, त्याची सेक्रेटरी, सोमवारी सकाळी ऑफिसात. तिला कळतंय की त्याने केलं ते बरोबर केलं, तसं ती म्हणतेही, आणि तरी म्हणते मला हात लावू नकोस, आत्ता नको. दोन्ही एकाच दमात. तुला शनिवारी असं बोलता आलं तर बघ, पुस्तक चोख आहे आणि मला ते सहन होत नाही, दोन्ही म्हण, कोणी अडवलंय.

पुस्तक येताना घेऊन ये, प्रत माझी आहे आणि पानं दुमडली असशील तर ऐकून घ्यावं लागेल. आणि ते आठवं कारण काय असेल, तुला काय वाटतं? ते मला आधी सांग, कट्ट्यावर नंतर.

काका