वाचकांचे प्रश्न : पेड्राल्बेसची शर्यत, टायर आणि मिथेनॉल

२८ ऑक्टोबर १९५१ रोजी बार्सिलोनात झालेल्या स्पॅनिश ग्रां प्रीवर मागच्या अंकात टिपण दिलं होतं. पेड्राल्बेस भागातले रुंद रस्ते बंद करून आखलेला सव्वासहा किलोमीटरहून थोडा लांब मार्ग, ७० फेऱ्या. अल्फा रोमिओवर फांजिओ जिंकला, फेरारीचा गोन्झालेझ सुमारे ५४ सेकंदांनी मागे राहिला आणि सर्वांत पुढून सुटलेला अस्कारी चौथा आला. फेरारीचे टायर ‘गेले’, असंही त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेली काही पत्रं.

फेरारीचे टायर ‘गेले’ म्हणजे पंक्चर झाले का? तवंदी घाटात ट्रकच्या टायरचे पट्टे पडलेले दिसतात, तसा प्रकार होता का? — एक वाचक, निपाणी

तसाच, पण रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेल्या) नसलेल्या टायरवर. हवा गेली नव्हती; वरचं नक्षीचं रबर आतल्या कापडी थरांपासून सुटून उडालं. फेरारीने मागच्या चाकांना १८ऐवजी १६ इंची रिम घेतले होते. टायरची उंची दोन्हीकडे ७ इंच धरली तर बाहेरचा व्यास ३२वरून ३० इंचांवर येतो, म्हणजे तेवढ्याच अंतरात चाकाचे फेरे जवळजवळ सात टक्क्यांनी वाढतात. प्रत्येक फेऱ्यात टायर जमिनीशी चेपतो आणि पुन्हा फुगतो. उष्णता तिथेच तयार होते. लहान टायरमध्ये रबर कमी, थंड व्हायला पृष्ठभागही कमी. त्यात सुरुवातीला टाकी भरलेली, म्हणजे गाडी जड.

आता ओढ बघा. ताशी २५० किलोमीटर वेगाला ३० इंची टायरवरचा १०० ग्रॅम रबराचा तुकडा बाहेरच्या दिशेने सव्वाशे किलो वजनाइतका खेचला जातो. थंड असताना चिकटलेला थर हे सोसतो. तापला की त्याची पकड झपाट्याने उतरते. सरावातल्या मोजक्या फेऱ्यांत ही उष्णता साठत नाही, म्हणून तिथे वेळ उत्तम लागते आणि शर्यतीत घोटाळा होतो. फेरारीचे चालक एकामागून एक चाकं बदलायला थांबले, तिथेच शर्यत हातची गेली. चूक टायर बनवणाऱ्यापेक्षा आकार निवडणाऱ्याची, असं आमचं मत.

ट्रकवाल्यांसाठी: हवा टायर थंड असतानाच मोजा. कमी हवेचा टायर जास्त चेपतो आणि जास्त तापतो. रबरावर हातोडीने ठोकून बद्द आवाज आला किंवा फुगवटा दिसला, तर तो टायर पुढच्या घाटापर्यंतसुद्धा नेऊ नका.

अल्फाला एका लिटरमध्ये एक किलोमीटरही मिळत नव्हता हे खरं? आमच्या जुन्या बुलेटला मिथेनॉल चालेल का? — एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

खरं आहे. १४७९ सीसीचं आठ सिलिंडरचं इंजिन, दोन टप्प्यांचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप), ४००हून अधिक अश्वशक्ती. इतकी दाबलेली हवा तापते आणि नुसत्या पेट्रोलवर इंजिन ठोके देतं, पिस्टन वितळतो. म्हणून अल्फा मुख्यतः मिथेनॉल या अल्कोहोलवर चाले. ते वाफ होताना पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता शोषतं. मात्र एक किलो मिथेनॉलला हवा साडेसहा किलोच्या आत लागते, पेट्रोलला साडेचौदाच्या वर. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी दुपटीहून जास्त इंधन. वर थंडाव्यासाठी मुद्दाम सोडलेलं वेगळंच. परिणामी अल्फाला मध्ये थांबून टाकी भरावी लागे. साडेचार लिटरची, सुपरचार्जर नसलेली फेरारी कमी पीत असे, आणि त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला गोन्झालेझने अल्फाला हरवलं त्यात या हिशेबाचा मोठा वाटा होता.

बुलेटला: कार्बोरेटरमधून इंधन सोडणाऱ्या मेन जेटच्या भोकाचा व्यास साधारण दीडपट लागेल. तेवढ्याने भागत नाही. फ्लोट चेंबरची सुई आणि पेट्रोल कॉकही तितकं इंधन सोडायला हवेत, नाहीतर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडताच मिश्रणात इंधन कमी पडून पिस्टनला भोक पडतं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ॲल्युमिनियमचं कार्बोरेटर खातं, साधे रबरी पाइप फुगवतं. काम झालं की सगळं पेट्रोलने धुवावं लागतं. ते विषारी आहे, तोंडाने पाइप ओढायचा नाही. दिवसा त्याची ज्योत दिसतही नाही. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा उद्योग करू नये.

१९५१च्या जागतिक विजेतेपदातले फांजिओचे गुण कुठे ३७, कुठे ३१ छापतात. बरोबर कोणते? — एक वाचक, चिक्कोडी

दोन्ही. मिळवले ३७, धरले ३१. त्या वर्षी उत्तम चारच निकाल मोजत. फांजिओचे ९, ९, ७ आणि ६. बार्सिलोनाआधी तो २७वर, अस्कारी २५वर. अस्कारी जिंकून फांजिओ दुसरा आला असता, तर अस्कारीचे निदान ३० झाले असते आणि फांजिओचे जास्तीत जास्त २९. विजेतेपद फिरलं असतं.

रस्त्यावरच्या शर्यतीला कडेने गवताचे गठ्ठे लावत. गावात छोट्या गाड्यांची शर्यत घेताना भाताच्या पिंजराचे गठ्ठे पुरतील? — एक वाचक, खानापूर

फक्त हळू वळणांवर. ताशी ५० किलोमीटरची गाडी एका मीटरात थांबली, तर बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दहापट असतो; ताशी १०० किलोमीटरला तेवढ्याच अंतरात चाळीसपट. गठ्ठा सरकला तरच तो अंतर वाढवतो, म्हणून भिंतीला किंवा खांबाला चिकटवून ठेवू नका, मागे मोकळी जागा सोडा. एकच बुटकी ओळ तर धोक्याचीच: उघड्या चाकांची गाडी गठ्ठ्यावर चढून उलटते. पावसात भिजलेला गठ्ठा दगडासारखा जड होतो. मोनॅकोत १९५५ला अस्कारीची गाडी गठ्ठे ओलांडून थेट बंदरात पडली. तो पोहून वाचला. १९६७ला तिथेच फेरारीचा चालक बांदिनी याच्या अपघातात गठ्ठ्यांनी पेट घेतला आणि तो तीन दिवसांनी गेला. पिंजर लावलंच, तर प्रत्येक वळणावर आग विझवण्याचं नळकांडं आणि ते चालवता येणारा माणूस हवा, आणि प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या बाजूला अजिबात नकोत.