स्ट्रॅटेजी गेमच्या मॉडमध्ये (चाहत्यांनी बदललेल्या आवृत्तीत) जर्मनव्याप्त डेन्मार्क कसा दाखवावा? थेट जर्मनीचा प्रांत करू का?

नको. ९ एप्रिल १९४० ला डेन्मार्क काही तासांत शरण आला खरा, पण राजा दहावा क्रिस्तियान, संसद, पोलीस सगळे जागेवरच राहिले. जर्मनीला लोणी आणि मांस हवं होतं, शिवाय थोडक्या माणसांत देश सांभाळायचा होता. मार्च १९४३ मध्ये तर चक्क निवडणूक झाली, त्यात डॅनिश नाझींना जेमतेम २ टक्के मतं! त्यामुळे सुरुवातीला 'संरक्षित राज्य' आणि हळूहळू चढणारा असंतोष, असं ठेवा.

खरी कलाटणी ऑगस्ट १९४३ ची. संप आणि घातपात वाढले, सरकारने जर्मन अल्टिमेटम फेटाळला, २९ तारखेला लष्करी कायदा लागला. त्याच पहाटे कोपनहेगनच्या गोदीत डॅनिश नौदलाने आपलीच जहाजं बुडवली. इथे खेळाडूला निवड द्या: जहाजं बुडवायची की स्वीडनला पळवायची? काही बोटी खरोखरच तिकडे पोहोचल्या. ऑक्टोबरात ७ हजारांवर ज्यू मच्छीमारांच्या बोटींतून स्वीडनला गेले, तो स्वतंत्र इव्हेंट हवाच.

डेन्मार्कच्या राजाखालची आइसलंड आणि फेरो ही बेटं १९४० मध्येच ब्रिटिशांकडे द्या. बॉर्नहोम या डॅनिश बेटावर मात्र युद्ध संपल्यावर एप्रिल १९४६ पर्यंत सोव्हिएत सैन्य होतं. हे बहुतेक मॉड विसरतात.