शब्दांची विचारपूस: 'ऊत्रे'

फॅशन शोच्या इंग्रजी वर्णनात कपड्यांसाठी एक शब्द आला. मी तो 'आउटर' असा वाचला, पण अर्थ लागेना. शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ होती.

ती रेघच खूण आहे. शब्द फ्रेंच, उच्चार 'ऊत्रे'. त्यातला त आपल्या 'तवा'तला. इंग्रजी बोलणारे 'ऊट्रे' म्हणतात. अर्थ: रूढ चौकट ओलांडून गेलेलं, लोकांना खटकेल इतकं वेगळं. इंग्रजीत तो अठराव्या शतकात आला.

मग 'आउट'शी त्याचं नातं आहे का?

अजिबात नाही. मूळ लॅटिन 'उल्त्रा', म्हणजे पलीकडे, 'अल्ट्राव्हायोलेट'मधला तोच. त्याचं फ्रेंचमध्ये 'ऊत्र' झालं, त्यावरून 'हद्दीबाहेर नेणे' या अर्थाचं क्रियापद बनलं, आणि हद्दीबाहेर नेलेलं ते 'ऊत्रे'.

याच घरातला 'आउटरेज' मला फार आवडतो. 'आउट' आणि 'रेज' जोडून तो झाला असं वाटतं, पण तसं नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'ऊत्र'ला 'आज' हा प्रत्यय लागून तो बनला. अर्थ होता अतिरेक. त्यात 'रेज', म्हणजे संताप, इंग्रजी कानांना नंतर ऐकू आला. अल्ट्रामरीन निळाही याच कुळातला: समुद्रापलीकडून आलेला. त्याचा दगड, लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून युरोपात जाई.

मराठीत 'विक्षिप्त' चालेल?

माणसाच्या स्वभावाला चालेल, पोशाखाला नाही. 'विचित्र' फारच ढोबळ. त्यात हद्द ओलांडल्याचा भाव नाही. तो भाव आपल्या 'अति'मध्ये आहे: अतिक्रमण, अतिरेक. 'उल्त्रा'शी 'अति'चं नातं नाही, पण कल्पना तीच. त्यामुळे 'अतिरेकी' हा चपखल शब्द झाला असता. पण वर्तमानपत्रांनी तो बंदूकधाऱ्यांना देऊन टाकला, याची मला खरोखर हळहळ वाटते. मी 'ताळतंत्र सोडलेला पोशाख' म्हणेन. कौतुकाने बोलायचं असेल तर 'अचाट'.

मुलगी ल्योंला शिकते. तिने तिथे हा शब्द वापरला तर?

जपून वापरावा. फ्रेंचांच्या तोंडी आजही त्याचा अर्थ मुख्यतः 'अतिरंजित' असा आहे. आणि माणूस स्वतःबद्दल 'मी ऊत्रे आहे' म्हणाला, तर तो संतापलेला असतो. मैत्रिणीच्या जगावेगळ्या टोपीचं कौतुक करायचं असेल, तर तिने 'एक्साँत्रिक' म्हणावं.