डॉक्टर ताईंना विचारा : रक्ताचा रिपोर्ट चांगला, मग दुर्बीण कशाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. वय 47, मोंढ्यात अडतीचं दुकान आहे. माझ्या थोरल्या भावाला 52व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता ते बरे आहेत. मला स्वतःला काहीच त्रास नाही. गेल्या महिन्यात एका लॅबचं शिबिर होतं, तिथं ‘फुल बॉडी, कॅन्सरसह’ असं पॅकेज घेतलं. त्यात सीईए 2.1 आला, पुढं ‘नॉर्मल’ लिहिलंय. भावाचे सर्जन म्हणतात, तुम्हीही मोठ्या आतड्याची दुर्बीण (कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघणं) करून घ्या. रिपोर्ट नॉर्मल असताना ती कशाला? पुतण्या मोबाइलवर दाखवतो की अमेरिकेत आता हे सगळं रक्तावरच कळतं. खरं सांगू का, दुर्बिणीची लाजही वाटते आणि भीतीही.
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : भाऊ, शेवटचं आधी सांगते. दुर्बीण करा. तो 2.1चा कागद फाइलीत लावून ठेवा, या निर्णयात त्याला मत नाही.

सीईए हे एक प्रथिन, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढू शकतं. 1965 साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन या दोघांनी ते शोधलं. कॅन्सर झालेल्या कित्येकांत सुरुवातीला ते वाढतच नाही, आणि कॅन्सर नसलेल्या विडी ओढणाऱ्यात वाढलेलं सापडतं. त्याचा खरा उपयोग तुमच्या भावाला आहे. ऑपरेशननंतर दर काही महिन्यांनी बघायचं, आकडा चढायला लागला की आजार परततोय का ते शोधायचं. धडधाकट माणसाच्या पॅकेजात ते घालणं म्हणजे रिपोर्टाची पानं वाढवणं.

आता दुर्बीण ज्याच्यासाठी करायची तो पॉलिप. आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला हा कोंब. सगळेच बिघडत नाहीत. ‘अडेनोमा’ जातीच्या काहींचा पुढं कॅन्सर होतो, त्यालाही साधारण दहा वर्षं लागतात. आपल्याला पकडायचंय ते या दहा वर्षांत, आणि रक्त तिथंच कमी पडतं. गाठ भिंतीत खोल शिरली, रक्तवाहिन्यांपर्यंत पोचली की तिच्या मेलेल्या पेशींचा डीएनए रक्तात उतरतो. पॉलिप बिचारा अजून अस्तरावरच बसलेला असतो. त्याच्या पेशी झडतात त्या आतड्याच्या पोकळीत, आणि संडासवाटे निघून जातात. रक्तात यायचं त्याला फारसं कारणच नसतं.

पुतण्या खोटं बोलत नाही. ‘शील्ड’ नावाच्या रक्ततपासणीला अमेरिकेच्या एफडीएनं जुलै 2024मध्ये मान्यता दिली, वय 45च्या पुढच्या आणि घराण्यात वगैरे विशेष धोका नसलेल्या लोकांसाठी. म्हणजे तुम्ही त्यात बसतच नाही. जवळपास आठ हजार लोकांवरच्या अभ्यासात तिनं कॅन्सर असलेल्या शंभरातले 83 पकडले. चांगलं आहे. पण मोठे, बिघडायच्या वाटेवरचे पॉलिप असलेल्या शंभरातले फक्त 13. बाकीचे 87 जण ‘नॉर्मल’चा कागद घेऊन घरी गेले असते, तुमच्यासारखेच. संडासमधलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची साधी तपासणी असे पॉलिप चौथा हिस्सा तरी पकडते. आणि यातली कुठलीही तपासणी बिघडलेली आली, तरी पुढं दुर्बीणच करावी लागते.

शिवाय दुर्बिणीत सापडलं की तिथंच काम होतं. माझी स्वतःची झाली तेव्हा मी पडद्याकडं बघत होते. ओल्या गुलाबी भिंतीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक कोंब, बारक्या देठावर अळंबीसारखा डुलत होता. तारेचा फास त्याच्या देठात अडकवला, आवळला, संपलं. कापलेलं कळतही नाही, आतड्याच्या अस्तराला ती जाणीव नसते. भिंतीला छिद्र पडणं, नंतर रक्त जाणं हे धोके आहेत, पण क्वचित. सही करण्याआधी डॉक्टरांना ते विचारा.

लाजेचं म्हणाल, तर तिची किंमत मी बघितली आहे. नवी प्रॅक्टिस होती तेव्हा एक मास्तर यायचे, संडासच्या वेळी रक्त पडतं म्हणून. मला मोड दिसले, मी मलम लिहिलं. आणखी आत तपासू म्हटलं तर ते संकोचले, आणि मीही रेटलं नाही. दीड वर्ष तेच मलम. मूळव्याध होतीच हो, पण तिच्या वीतभर वर गाठही होती. मास्तर राहिले नाहीत. त्यांनी संकोच करणं समजण्यासारखं होतं, माझं गप्प बसणं नव्हतं.

घरात सख्ख्या नात्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर चाळिशीला दुर्बीण करावी, किंवा त्या माणसाला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल ते. तुम्हाला सात वर्षं उशीर झालाय. भावाला साठीच्या आत निघाला, म्हणून तुमची स्वच्छ आली तरी पाच वर्षांनी पुन्हा करायची. बाकी भावंडं, भावाची मुलं यांनाही हाच हिशोब लागू. आणखी एक : भावाच्या गाठीचा तुकडा तपासलेला रिपोर्ट शोधा, त्यात ‘एमएमआर’ (डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) लिहिलंय का ते सर्जनना विचारा. त्यात दोष निघाला तर आजार आनुवंशिक असू शकतो, मग घरातल्यांचा हिशोब आणखी लवकरचा होतो.

तयारी ही खरी कटकट. आधी दोन-तीन दिवस भाकरी, कारळा-जवसाची चटणी, पेरू बंद. बिया आणि चोथा कॅमेऱ्यासमोर चिकटून बसतात. आदल्या दिवशी नितळ पातळ पदार्थच : वरणाचं गाळलेलं पाणी, शहाळं, लिंबाचं सरबत. लाल रंगाचं काही नको. मग दोन लिटर पाण्यातली ती पावडर. साखरमीठ जमलं नाही अशा सरबतासारखी लागते, गार करून प्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि सेलूहून पहाटेची गाडी पकडून संभाजीनगरला जाऊ, असलं काही करू नका. पावडर पोटात घेऊन रेल्वेत बसणाऱ्याचे हाल मी ऐकले आहेत. आदल्या दिवशी दुपारीच पोचा आणि खोलीला लागून संडास आहे ना, एवढं बघून लॉज घ्या.

प्रश्न : आईचं वय 63. हिमोग्लोबिन 7.9. दोन वर्षांपासून लोहाच्या गोळ्या चालू आहेत, वाढतं आणि परत उतरतं. अजून काय खायला द्यावं?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : बाळ, गूळ-शेंगदाणे पुरे झाले. पाळी बंद झालेल्या बाईचं लोह पुन्हा पुन्हा उतरतंय म्हणजे रक्त कुठंतरी झिरपत असण्याची शंका घ्यायची. जठर आणि मोठं आतडं, दोन्हींची दुर्बीण करून घ्या. दुर्बिणीच्या आधी आठवडाभर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवा. त्या गोळीनं संडास काळी आणि चिकट होते, आणि आत काही दिसत नाही.