आपले प्रश्न : बिनकिल्लीची गाडी किती सुरक्षित?

प्रश्न : आम्ही इंदिरानगरमध्ये तळमजल्यावर राहतो. नवी गाडी बटण दाबून सुरू होते आणि चावी खिशात असली की मुठीला हात लावताच दार उघडते. चोर चावीचा सिग्नल ‘कॉपी’ करतात, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. शेजारी मात्र सांगतात की कोड बदलत असल्याने भीती नाही. नेमके खरे काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे बटण दाबण्याच्या रिमोटपुरते बरोबर आहे. अशा रिमोटमधील मोजणी प्रत्येक दाबासरशी पुढे सरकते, तिच्यापासून सांकेतिक कोड तयार होतो आणि एकदा वापरलेला कोड गाडी पुन्हा स्वीकारत नाही. त्यामुळे नुसते ध्वनिमुद्रण केल्यासारखा सिग्नल टिपून तोच परत पाठवण्याचा उपयोग होत नाही. ही पद्धत अभेद्य आहे असे नाही. अनेक कंपन्यांनी वापरलेल्या ‘कीलॉक’ या पद्धतीची गुप्त किल्ली संशोधकांनी 2008 मध्ये चिपच्या वीजवापरातील चढउतार मोजून शोधून काढली होती. परंतु गल्लीतला चोर इतक्या खटाटोपात पडत नाही.

आपल्या गाडीचा खरा धोका वेगळा आहे. मुठीला हात लागताच गाडी कमी वारंवारतेची हाक देते, जी साधारण मीटर-दोन मीटरपर्यंतच पोहोचते, आणि ती ऐकू आली की चावी रेडिओ लहरींनी उत्तर देते. चावी जवळ आहे, हे गाडी एवढ्यावरूनच ठरवते. एक चोर गाडीपाशी आणि दुसरा आपल्या दाराबाहेर उपकरण घेऊन उभा राहिला, तर गाडीची हाक घरातल्या चावीपर्यंत पोहोचवता येते. येथे कोणी कोड फोडत नाही की त्याची नक्कलही करत नाही. उत्तर अस्सल चावीच देते, म्हणून कोड कितीही वेळा बदलला तरी फरक पडत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग केला, तेव्हा दहाही फसल्या. एकदा सुरू झालेले इंजिन चावी दूर गेली म्हणून बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात तसे होणे अधिक घातक ठरेल.

तेव्हा तळमजल्याच्या दाराशेजारील खुंटीवर चावी टांगू नये. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी आणि डबा हातात घेऊन गाडीपाशी जाऊन मूठ ओढून पाहावी. दार उघडले, तर तो डबा कुचकामी. अनेक गाड्यांत ही सोय सेटिंगमधून बंद करता येते, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे. काही नव्या चाव्या हालचाल थांबली की झोपी जातात, तर काहींत लहरींना लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजले जाते. गाडी घेताना याची चौकशी करण्याऐवजी आपण सनरूफची करतो.

काच फोडून स्टेअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला यंत्र जोडायचे आणि कोरी चावी गाडीला ‘शिकवायची’, हाही एक मार्ग आहे. त्यावर ॲक्सेसरीच्या दुकानात बसवून मिळणारे गिअर लॉक मला अजूनही भरवशाचे वाटते, कारण रेडिओ लहरींशी त्याचा संबंधच नसतो.

प्रश्न : रामकुंडाजवळ गाडी लावून रिमोट दाबला. परतल्यावर दार उघडे आणि बॅग गायब! कोड चोरला असेल का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : तशी शक्यता कमी वाटते. त्याच वारंवारतेवर गोंगाट सोडणारे जॅमर जवळपास असेल, तर लॉकची आज्ञा गाडीपर्यंत पोहोचतच नाही आणि दार उघडेच राहते. आपण चालता चालता पाठमोरे बटण दाबले असल्यास, नुसत्या अंतरामुळेही असे घडू शकते. यापुढे इंडिकेटर लुकलुकले का, आरसे मिटले का, हे पाहूनच पाय उचलावा. साधा रिमोट असेल तर मूठही ओढून पाहावी; चावी खिशात ठेवून दार उघडणाऱ्या गाडीत मात्र ही परीक्षा फसवी आहे, कारण मूठ ओढताच तीच दार उघडते.