सगळं बदललं, मग मीही बदलू का?

साथ, युद्ध, भूकंप, मोठी मंदी असं काही होऊन गेलं की माझ्याकडे समुपदेशनाला येणारे एक प्रश्न हमखास विचारतात. 'मी जो निर्णय घ्यायला निघालोय तो माझा आहे, की सध्या सगळेच तसं बोलतायत म्हणून मलाही वाटतंय?' एका बाईंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीपुढचं, नोकरी विमा कंपनीत, हिशेबाची. कोविडच्या साथीत धाकटा भाऊ गेला. काही महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा राजीनामा लिहून तयार होता आणि घर विकून दूर कुठेतरी राहायला जायचं घाटत होतं. नवऱ्याचं म्हणणं, "तू सध्या भानावर नाहीस." मैत्रिणी म्हणत, "करून टाक, उद्याचं कोणी पाहिलंय?" त्यातच लशीवरून चुलतभावाशी कडाक्याचं भांडण होऊन बोलणं बंद झालेलं. "मॅडम, मी कधी कोणाशी वाद घालणारी नव्हते हो," त्या म्हणाल्या.

त्या भानावर नव्हत्या असं मला वाटलं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याला ह्यूगो वादळाचा तडाखा बसला. पुढच्या वर्षी तिथल्या आपत्तिग्रस्त भागांत लग्नं वाढली, जन्म वाढले आणि घटस्फोटही वाढले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. मला हे फार बोलकं वाटतं. संकट सगळ्यांना एकाच दिशेला नेत नाही. माझ्या मते ते रेंगाळलेल्या गोष्टींचा निकाल लावायला भाग पाडतं.

समाजाचंही असंच होतं. जर्मन सरकारने २०१० मध्ये अणुभट्ट्यांची मुदत वाढवली होती. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली आणि काही महिन्यांतच सगळ्या भट्ट्या २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं. बाहेरून पाहणाऱ्याला ही एका रात्रीतली कोलांटउडी वाटेल. पण अणुऊर्जेविरुद्धचं आंदोलन तिथे १९७०च्या दशकापासून चालू होतं. त्या जुन्या मागणीपुढे सरकार तेव्हा झुकलं, इतकंच.

म्हणून मी त्यांना विचारलं, "हे पहिल्यांदा मनात कधी आलं?"

नोकरीबद्दल उत्तर लगेच आलं. त्यांना विशेष मुलांना शिकवायचं होतं. अभ्यासक्रमाचा अर्ज साथीच्या कितीतरी आधी आणून ठेवला होता आणि तो भरून टाक म्हणून भाऊच मागे लागायचा. घराबद्दल मात्र त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याची खोली आहे ना तिथे. दार उघडवत नाही."

इथे दोन निर्णय वेगळे झाले. शिक्षणाची इच्छा जुनी होती, तिला थोपवायचं काही कारण नव्हतं. फक्त राजीनाम्याआधी नवऱ्यासोबत बसून खर्चाचा हिशेब मांडायचा, एवढंच ठरलं. घर विकणं मात्र त्या खोलीपासून दूर पळणं होतं, आणि विकलेलं घर परत मिळत नाही. तो विषय आम्ही वर्षभर बाजूला ठेवला आणि भेटींमध्ये भावाबद्दल बोलत राहिलो. (आठवडेच्या आठवडे झोप नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर कुठलाही निर्णय घेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यात ताणून धरू नका.)

लशीचा वादही मुळात लशीचा नव्हता. चुलतभाऊ सरकारी धोरणावर बोलत होता, आणि आपला भाऊ वाचला असता का, हा प्रश्न यांना ऐकू येत होता. मोठ्या उलथापालथीनंतर सार्वजनिक चर्चा इतकी कडवट होते, ती बऱ्याचदा यामुळेच. समोरच्याचं कोण गेलंय, हे बोलणाऱ्याला माहीत नसतं किंवा त्या क्षणी आठवत नाही.

पुढे त्यांनी प्रवेश घेतला आणि काही काळाने नोकरी सोडली. घर अजून विकलेलं नाही, नवऱ्यालाही आता घाई नाही. चुलतभावाशी मात्र बोलणं बंदच आहे. त्याला काय सांगायचं ते त्यांना कळलंय, पण अजून सांगावंसं वाटत नाही, आणि मीही त्यासाठी त्यांच्यामागे लागलेली नाही.