वाचकांचे प्रश्न : नामिबियात स्वतः गाडी चालवायची असेल तर

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस हाताशी आहेत. आम्ही दोघं आणि शाळकरी वयाची दोन मुलं. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर अभयारण्य, व्हिक्टोरिया धबधबा आणि नामिबियाचं वाळवंट एकाच फेरीत बसेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ओढूनताणून बसेल, पण निम्मे दिवस विमानतळांवर जातील. प्राणी आणि वाळवंट दोन्ही हवं असेल तर एकटा नामिबिया पुरतो. मुक्काम असे धरा : विंडहुक एक रात्र (गाडी ताब्यात घेणं, वाणसामान, झोप), सेसरिम (वाळवंटासाठी) दोन, स्वाकोपमुंड (समुद्रकाठचं शहर) एक, ओमारुरू (वाटेतलं गाव) एक, इटोशा अभयारण्यात ओकाकुएयो दोन आणि नामुटोनी एक, परतताना विंडहुक एक. यातलं सेसरिम किंवा ओकाकुएयो एका रात्रीवर आणायचा मोह टाळा.

विंडहुक ते सेसरिम नकाशावर सव्वातीनशे किलोमीटर दिसतं आणि चार तासांत पोचू असं वाटतं. पण बराचसा रस्ता खडीचा आहे, थांबे धरून सहा तास लागतात. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचंच. अंधारात कुडू हरणं रस्त्यावर येतात. नर कुडू दोनशे किलोंच्या वर भरतो, धडकला तर बॉनेटवरून थेट काचेवर येतो.

ऑक्टोबरअखेर ऊन पस्तिशीच्या पुढे जातं, पण कोरडा हंगाम संपत आलेला असतो आणि सगळं रान पाणवठ्यांवर लोटतं. मे महिन्यात हवा सुखाची, पण गवत उंच आणि पावसाचं पाणी अजून जागोजागी साठलेलं, त्यामुळे प्राणी पांगलेले. मुलांना ऊन सोसत असेल तर दिवाळीच बरी.

प्रश्न : साधी सेडान घ्यावी की फोर बाय फोर? खडीच्या रस्त्यावर नेमकं काय बिघडतं? – एक वाचक, पुणे

उत्तर : कोरड्या दिवसांत वर सांगितलेल्या मार्गावर सेडान जाते, तरी उंच गाडी घ्या. छतावर तंबू असलेली मात्र फार जपून चालवा, वजन वर असल्याने ती लवकर कलंडते.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे निम्मी भीती तिथेच संपते. उरलेली खडीची. गाड्यांच्या वर्दळीने रस्त्याच्या मधोमध आणि कडेला सुट्या खडीचा वरंबा तयार होतो. चाक त्यात शिरलं की गाडी ओढली जाते, चालक घाबरून स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरवतो किंवा करकचून ब्रेक मारतो, आणि गाडी उलटते. परदेशी पाहुण्यांचे अपघात बहुतेक असेच होतात, समोर दुसरी गाडीही नसते. वेग 80 च्या वर नेऊ नका. गाडी सरकली तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ती आपोआप मंदावू द्या.

टायरची हवा डांबरी रस्त्यावर 32 ते 35 पीएसआय असते, ती खडीवर 26 च्या आसपास आणा. टायर थोडा मऊ झाला की अणकुचीदार दगडावर फुटण्याऐवजी दबतो. मऊ वाळूत 15 ते 18. डांबरावर परतलात की लगेच भरा, नाहीतर वेगात टायर तापून फाटतो. म्हणून हवेचा पंप आणि मापक गाडीत हवाच.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. दोन जादा चाकं मागा आणि दोन्हींची हवा मोजा. पाना चाकाच्या नटाला बसतो का ते बघा आणि एक नट तिथेच सैल करून परत आवळा. यंत्राने आवळलेले नट वाळवंटात हाताने सुटेनासे होतात. जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या, नाहीतर जॅक वाळूत रुततो आणि गाडी उचललीच जात नाही. विमा वाचा : टायर, काच, गाडीचा तळ, आणि दुसऱ्या गाडीशी टक्कर न होता उलटणं, हे सगळं त्यात आहे का? आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ लायसन्सही जवळ असू द्या.

प्रश्न : डेडव्हले, म्हणजे वाळवंटातलं वाळक्या झाडांचं ते मैदान, सूर्योदयाला बघायचं आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : मग सेसरिमच्या फाटकाच्या आतच राहायला हवं. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेरच्यांना सूर्य उगवल्यावर. पुढे 60 किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटचे 5 किलोमीटर मऊ वाळू. वाळूची सवय नसेल तर गाडी तिथेच ठेवून शटलने जा. पुढे वीसेक मिनिटं पायी. नदीचं पाणी वाळूच्या टेकड्यांनी अडवलं आणि बाभळीच्या कुळातली ती झाडं शेकडो वर्षांपूर्वी वाळली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत, काळी पडून उभी आहेत. त्यांना टेकू नका, फांद्यांना लोंबकळू नका. माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि दहाच्या आत परत फिरा.

प्रश्न : इटोशात ‘बिग फाइव्ह’ दिसतील का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : पाचही (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) नाही. इटोशात रानम्हशी नाहीत, पाणघोडे आणि मगरीही नाहीत. पण काळा गेंडा बघायला याच्यासारखी जागा विरळा. ओकाकुएयोच्या मुक्कामातल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. जेवून आठच्या सुमारास शाल घेऊन बसा. गेंडा बहुधा एकटा येतो आणि दिव्याच्या कडेला बराच वेळ नुसता उभा राहतो. बॅटरी, फ्लॅश, कुजबुज काहीही नको.

दिवसा पाणवठे ‘उरकत’ फिरू नका. एकच निवडा, इंजिन बंद करा, तासभर थांबा. झेब्रे पाण्यापाशी येऊन अचानक थबकले आणि सगळ्यांचे कान एकाच दिशेला वळले, की त्या दिशेचं गवत दुर्बिणीने पिंजून काढा. वेगमर्यादा 60 आहे, आणि मुक्कामाबाहेर ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायची मनाई.

प्रश्न : पीतज्वराची लस लागते का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वाटेत विमान बदलताना इथिओपिया किंवा केनियात विमानतळाबाहेर मुक्काम करणार असाल, किंवा तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबणार असाल, तर हो. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कारण दाखला त्यानंतर ग्राह्य धरतात. भारतात परततानाही तो बघतात. जोहान्सबर्गमार्गे दोन वेगळी तिकिटं काढू नका. सामान घ्यायला बाहेर पडावं लागलं तर दक्षिण आफ्रिकेचाही व्हिसा लागेल.